रॉक मशीनची पहिली कॅसेट

गणपतीत ऑर्केस्ट्रा आला, की पोस्टरवर गायकाचं स्वतःचं नाव बारीक अक्षरांत असायचं आणि ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ किशोर’ ही बिरुदं चांगली ठसठशीत. परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर, कुठंही जा, हेच. डोळे मिटले तर रेकॉर्ड लागल्यासारखं वाटलं पाहिजे, ही लोकांची अपेक्षा. एखादा गायक मध्येच ‘आता माझं एक गाणं म्हणतो’ असं म्हणाला असता, तर अर्धा मांडव चहाला उठला असता.

श्रोतेहो, मुंबईत इंग्रजी रॉक वाजवणाऱ्या मुलांची गतही याहून फार वेगळी नव्हती. लांब केस, गिटार, कानठळ्या बसवणारे ड्रम, सगळा थाट बंडखोरीचा. गाणी मात्र डीप पर्पलची, लेड झेपेलिनची. जितकं हुबेहूब, तितक्या टाळ्या. म्हणजे बंडसुद्धा नक्कल करून आणलेलं!

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. सुरुवात त्यांनीही दुसऱ्यांच्या गाण्यांनीच केली. पुढे उदय बेनेगल गाऊ लागले. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेस गिटारवर, मार्क मेनेझिस ड्रमवर आणि झुबिन बालापोरिया की-बोर्डवर असा संच जमला. हळूहळू त्यांनी स्वतःची गाणी रचायला घेतली, आणि १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा पहिला अल्बम निघाला. रेनेगेड म्हणजे आपला कळप सोडून गेलेला, फितूर. नाव बरोबर होतं. त्यांनी कळप सोडला होता तो हुबेहूब वाजवणाऱ्यांचा.

हा देशातला पहिलाच असा प्रयत्न, असं मी म्हणणार नाही. १९७० आणि १९७१ साली शिमला सिगारेटच्या नावानं वाद्यवृंदांच्या स्पर्धा झाल्या होत्या, त्यांच्या तबकड्याही निघाल्या. आपले नंदू भेंडे त्याच सुमारास रॉक गात होते. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त त्यांनी तो आवाज मराठी रंगभूमीवर आणला. पण स्वतः रचलेल्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढायचा आणि पुढे त्याच गाण्यांवर मैफली करत राहायचं, हे धाडस विरळा होतं.

त्याच दशकात अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये काय चाललं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. तिथल्या पोरांनी १९८० साली ‘डिस्कॉर्ड’ नावाची स्वतःची कंपनीच काढली. तबकड्यांची वेष्टनं हातानं दुमडायची, चिकटवायची. १९८५ साली ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या चौघांचा पहिला अल्बम तिथून निघाला, एका घराच्या तळघरात मुद्रित केलेला. हार्डकोअर म्हणजे पंकचा अधिक वेगवान, कर्कश प्रकार. या चौघांनी त्या गोंगाटात मनाची तडफड आणली. त्या वळणाला पुढे ‘पोस्ट-हार्डकोअर’ म्हणू लागले. मुंबईच्या मुलांजवळ अशी घरची कंपनी नव्हती. आणि मायदेशातच त्यांचं गाणं परकं ठरण्याची भीती होती, ती वेगळीच.

ती भीती उगाच नव्हती. ‘इंग्रजीत गाता, मग त्यात आपलं काय?’ हा प्रश्न रास्तच आहे. पण आपल्याकडे त्याच काळात बाजारात मिळणाऱ्या भीमगीतांच्या कॅसेटी आठवा. शब्द आपल्या शाहिरांचे, जगण्यातून आलेले, आणि चाल पुष्कळदा सिनेमातली. त्या गाण्यांना परकं कोण म्हणेल? रॉक मशीननं चाल स्वतःची केली आणि भाषा उसनी घेतली. दोघांनीही काहीतरी उसनं घेतलं होतं. माझ्या मते त्यांचं उसनं जरा जास्त जड होतं, आणि ते त्यांनाही जाणवलं असावं. १९९० च्या दुसऱ्या अल्बमनंतर, १९९३ साली, त्यांनी नाव बदललं : ‘इंडस क्रीड’. इंडस म्हणजे सिंधू.

तोवर उपग्रह वाहिन्या घरोघर पोचू लागल्या होत्या, आणि त्यांची गाणी एमटीव्हीवर दिसू लागली. तरी १९९७ मध्ये संच मोडला. २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. धोबी तलावचं रंगभवन, जिथं १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेन्डन्स रॉक’चा मेळा भरायचा, ते मात्र शांतता क्षेत्राच्या नियमामुळे २००३ मध्ये अशा मैफलींना बंद झालं.

मुंबईतच पुढे ‘स्क्राइब’ हा हार्डकोअर वाजवणारा वाद्यवृंद आला. २०१० साली त्यांनी अल्बम काढला, त्याचं नाव ‘मार्क ऑफ तेजा’. तेजा म्हणजे ‘अंदाज अपना अपना’तला खलनायक. ही गंमत वॉशिंग्टनमधल्या श्रोत्याला समजावून सांगावी लागेल. परभणीतल्या कॉलेजच्या पोराला ती आपोआप कळते.