कार्लेखिंडीतली रात्र
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी थळचा. आमच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीचे बांधकाम सुरू केले, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी ती राखली. त्या काळी या पाण्यात होडी लोटणारा माणूस हत्याराचा विचार केल्यावाचून निघत नसे.

पण हत्यार बाळगणे केवळ त्याच्या मर्जीवर नव्हते. पोर्तुगीजांचा कार्ताझ नावाचा परवाना घेतल्याशिवाय व्यापारी गलबताला अरबी समुद्रात सुखाने फिरता येत नसे. गलबतावर कोणती शस्त्रे न्यायची, हेही त्यात लिहिलेले असे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचा दस्तक चालू केला. प्रवाशाच्या कमरेला काय असावे, हे ज्याची सत्ता तो ठरवी.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे माझी मोटारसायकल. कविसंमेलने आटोपून मी रात्री-बेरात्री एकटाच परततो. एका मित्राने एकदा पिस्तुलाच्या परवान्याचा कोरा अर्ज आणून हातात ठेवला. "कविता ऐकून चोर पळत नाहीत, मियाँ," म्हणाला. मी हसलो, पण अर्ज फाडला नाही.

माझ्या मनात एक जुनी सल होती. आपल्याच पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरच्या गरिबीवर उपाय शोधायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशी पडली तेव्हा ते तिथेच होते. या प्रवासात ते लुटले गेले, तरी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी पोचले. त्या उठावानंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला. लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला. युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना मात्र सूट. ज्याला भीती कमी त्याला बंदूक, आणि ज्याला भीती जास्त त्याला अर्ज! या अपमानाची जखम खोल होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता, तो त्यामुळेच.

मग स्वराज्यात तो राज्यघटनेत का आला नाही? १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. असा सरसकट हक्क दिला तर चोर-दरोडेखोरही तो सांगतील, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. १९५९ चा शस्त्र कायदा आजही चालू आहे. पूर्वी परवान्यावर तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र १८६० च्या दंड संहितेत होता, तसाच २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. अट तीच : बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही.

हे 'लागेल तेवढे' किती, हे कागदावर सोपे वाटते. मला ते एका पावसाळी रात्री कळले.

पेणहून परत येत होतो. पोयनाड मागे पडले. कार्लेखिंडीत पाऊस वाढला. वळणावर दिव्याच्या झोतात एक तरुण दिसला. हातात लांब दांडके, दुसरा हात वर. माझ्या पोटात गोळा आला. मी गाडी दामटली. आरशात पाहिले, तर तो दांडके घेऊन माझ्या मागे धावत होता. रस्त्यातल्या खड्ड्यात गाडी बंद पडली. माझा हात आपोआप खांद्यावरच्या पिशवीत गेला. पिशवीत वही आणि चष्म्याचे घर, दुसरे काही नव्हते.

"चाचा, थांबा! भाऊ पडलाय माझा!"

दरडीच्या बाजूला मोटारसायकल आडवी पडली होती. तिच्याखालून काढलेला पोरगा पाय धरून कण्हत होता. मागून येणाऱ्या वाहनांनी त्याला चिरडू नये, म्हणून थोरल्याने झाडाची फांदी तोडून हातात धरली होती. आम्ही एक टेम्पो थांबवला आणि दोघांना अलिबागला रुग्णालयात पोचवले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पिशवीत पिस्तूल असते तर? अंधार, पाऊस, दांडके घेऊन धावत येणारा माणूस. कोर्टात मी सांगितले असते, मला जिवाची भीती वाटली. ते खोटेही नसते. पण एक भाऊ रस्त्यात मेला असता, दुसरा दरडीखाली कण्हत राहिला असता.

ज्यांच्या जिवाला खरोखरच धोका आहे, त्यांच्याविषयी मी बोलत नाही. त्यांचा निवाडा जिल्हादंडाधिकारी करतील. मी माझ्यापुरते बोलतो. १८७८ चा अपमान मी आजही विसरलेलो नाही. पण त्याचे उत्तर माझ्या पिशवीत नव्हते, हे त्या रात्री समजले.

तो अर्ज अजून खणात आहे, कोराच. त्याच्या पाठीमागे एक कविता लिहायला घेतली होती. ती काही जमली नाही. मोटारसायकलच्या डिकीत मात्र आता एक मोठी बॅटरी असते, मलमपट्टीचे सामान असते, आणि खिंडीत कोणी हात केला तर मी गाडी थांबवतो. भीती वाटते. तरीही थांबवतो.