एका यंत्रात अनेक यंत्रे

पुलगाव–आर्वी ही अरुंद मापाची रेल्वे आर्वीच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. पुलगावला मुंबई–नागपूर हा रुंद मार्ग लागे. रुळांचे माप वेगळे, म्हणून डबे सरळ पुढे जात नसत. अशा वेळी उपाय तीनच: माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणे, डब्यांची चाके बदलणे किंवा रूळच बदलणे. संगणकाच्या इतिहासात हे तिन्ही उपाय योजलेले आपल्याला दिसतात.

एका संगणकावर अनेक 'आभासी संगणक' चालवण्याची कल्पना १९६०च्या दशकातली. यंत्रे महाग होती. एकच यंत्र अनेकांनी वापरावे, पण प्रत्येकाला ते स्वतःचे वाटावे, हा हेतू. आयबीएमने १९७२ मध्ये 'व्हीएम-३७०' ही प्रणाली आणली. १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी त्यासाठी अट मांडली: यंत्राच्या नियंत्रणाला हात घालणारी प्रत्येक सूचना पाहुण्या प्रणालीने दिली, की ती अडून नियंत्रकाकडे गेली पाहिजे.

इंटेलचे एक्स-८६ प्रक्रियक ही अट पाळत नव्हते. पेंटियममध्ये अशा १७ सूचना असल्याचे २००० साली दाखवले गेले. 'पॉपएफ' ही त्यांपैकी एक. अधिकार नसताना दिली, तर ती व्यत्ययांची खूण बदलत नाही आणि तक्रारही करत नाही. न समजता मान डोलावणाऱ्या विद्यार्थ्यासारखी!

व्हीएमवेअरने १९९९ मध्ये पहिला उपाय योजला: अशा सूचनांचे चालता चालता भाषांतर. केंब्रिजच्या 'झेन' गटाने २००३ मध्ये चाके बदलली. पाहुण्या लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, सुमारे ३,००० ओळी बदलल्या. वापरणाऱ्याला मूळ संहिता घेऊन, त्यात सुधारणा घालून गाभा नव्याने संकलित करावा लागे. लिनक्सची संहिता खुली होती, म्हणूनच हे कोणालाही शक्य झाले. संहिता बंद असती, तर मालकाच्या परवानगीवाचून एक ओळही हलली नसती.

इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रक्रियकातच सोय केली, रूळच बदलले. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आले. त्याच वर्षी झेनच्या पाहुण्यांसाठीचे बदलही मूळ संहितेत सामावले.

आज शाळेतल्या साध्या संगणकावरही विद्यार्थ्यांना आभासी यंत्रात स्वतःचा गाभा बांधता येईल. तो चुकला, तर पाहुणा कोसळेल, यजमान शाबूत राहील. चुका करू देणारी प्रयोगशाळा याहून स्वस्त कोठे मिळणार?