काम किंवा हॅकिंग

एप्रिल १९५५. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, एमआयटीच्या आवारात तुम्ही उभे आहात आणि समोरची इमारत क्रमांक २० बघून तुमचा विरसच होतो. महायुद्धाच्या घाईत, १९४३ साली, रडारच्या संशोधनासाठी लाकडात ठोकून उभी केलेली. युद्ध संपलं की पाडायचं ठरलं होतं. (प्रत्यक्षात पाडायला १९९८ उजाडेल, पण इथे कुणाला सांगू नका.)

आत टेक मॉडेल रेलरोड क्लबची बैठक चालली आहे. चिमुकल्या आगगाड्यांच्या रुळांशेजारी बसून एक मुलगा इतिवृत्त लिहितोय. त्याच्या खांद्यावरून वाचा : विजेच्या यंत्रणेवर काम किंवा हॅकिंग करणाऱ्यांनी आधी वीज बंद करावी, नाहीतर फ्यूज उडतात. त्यातल्या ‘किंवा’वर बोट ठेवा. म्हणजे हॅकिंग हे काम नव्हे! एमआयटीत मुलांच्या अफलातून खोड्यांना ‘हॅक’ म्हणायचेच. तो शब्द इथे तारांपर्यंत पोचला आहे.

तिथेच थांबा, फक्त १९५९ साल येऊ द्या. आता रुळांच्या टेबलाखाली वाका. वर झाडं, डोंगर, हौसेनं रंगवलेले डबे. खाली टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेले रिले, तारांचं जंजाळ. क्लबच्या ‘सिग्नल्स अँड पॉवर’ गटातल्या मुलांचं खरं राज्य हे. वरची गाडी कुठेतरी पोचावी अशी त्यांची फारशी इच्छा दिसत नाही. तिला वळवणारी जोडणी किती चतुर, एवढंच ते बघतात. पीटर सॅमसन नावाच्या मुलानं यंदा क्लबच्या बोलीचा कोश केलाय. त्यात हॅक म्हणजे काही साधायचं नसताना केलेली गोष्ट, स्वतःचाच वाईट सल्ला ऐकून अंगावर घेतलेला उद्योग. लष्कराच्या भाकऱ्या, पण भाजणाऱ्याला त्यातच ब्रह्मानंद.

रात्र झाली की याच मुलांमागून इमारत २६ मध्ये जा. तळमजल्यावर आयबीएमचा संगणक आहे, पण त्याला हात लावू देत नाहीत. वर टीएक्स-० हा दुसरा संगणक आहे. इथे स्वतः बसता येतं. नाव नोंदवलेला कुणी आला नाही की त्याची वेळ हे पटकावतात. यंत्राला एक स्पीकर आहे. सॅमसन त्यावर बाखचं संगीत वाजवतो. एवढ्या महागड्या यंत्राकडून गाणं कुणी मागितलं होतं? कुणीच नाही. म्हणून तर तो हॅक.

शेवटचा थांबा, २० नोव्हेंबर १९६३. विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र ‘द टेक’ उघडा. ‘टेलिफोन हॅकर’ मंडळींमुळे संस्थेच्या फोनसेवेवर बंधनं आली आहेत. त्यांनी हार्वर्डशी जोडणाऱ्या सगळ्या लाइनी अडवल्या आणि लांबच्या कॉलचे पैसे इथल्याच एका रडार केंद्राच्या नावावर टाकले. बाहेर जाणारी लाइन हुडकायला तर चक्क पीडीपी-१ संगणकच फोनला जोडला!

पुढे १९८० नंतरच्या पत्रकारांनी ‘हॅकर’ हा चांगला शब्द नासवला, असं जुने प्रोग्रॅमर कळवळून सांगतात. हातात हा अंक असताना मला ते पुरतं पटत नाही. पीडीपी-१ची ती युक्ती टेबलाखालच्या मुलांनी नक्की वाखाणली असती. रडार केंद्राच्या हिशेबनिसाला विचारलंत तर तो वेगळं सांगेल.