रिकाम्या कुंड्या

एक मे. महाराष्ट्र दिन गुरुवारी आला, शुक्रवारची रजा टाकली आणि बुधवारी रात्रीच्या बसनं कोल्हापूर गाठलं. (आमचं रिलीज नेमकं त्याच आठवड्यात होतं, पण तो विषय नको.) दुपारी पारा ३८ च्या आसपास, लाईट गेलेली, पोटात आमरस. अशा वेळी शहाणा माणूस आडवा होतो. मी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या एका मित्राला फोन लावला आणि म्हटलं, शिवाजी विद्यापीठातलं बोटॅनिकल गार्डन दाखव.

"भावा, मे महिन्यात?" तो हसला. "बरं ये, तुझी हौस."

त्याच्या हसण्याचं कारण तासाभरानं कळलं.

वाटेत गुलमोहर नुसता पेटलेला. लहानपणापासून मला वाटायचं की हे झाड इथलंच, वळवाच्या पावसासारखं. मित्रानं गाडीवरूनच ओरडून सांगितलं की ते मादागास्करचं आहे. १८२० च्या दशकात बोयर नावाच्या एका निसर्गतज्ज्ञाला ते तिथे दिसलं, त्यानं ते मॉरिशसला आणलं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं. रस्त्यावरचा रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा. आपण देवाला वाहतो तो चाफा मेक्सिकोच्या बाजूचा. आणि ज्याच्यावर आपण एवढा जीव टाकतो त्या तांबड्या रश्शातली मिरची पोर्तुगीजांनी आणलेली! म्हणजे पोर्तुगीज आले नसते तर आमच्याकडे नुसताच पांढरा रस्सा.

ही झाडं फिरली कशी, हे नंतर वाचत बसलो तर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट समोर यायला लागली : बोटॅनिकल गार्डन. मला वाटायचं, असली बाग म्हणजे पाट्या लावलेला बगीचा. सुरुवातीला ते थोडंफार खरंही होतं. १५४५ मध्ये इटलीत पाडुआला बाग झाली ती वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी झाडं ओळखता यावीत म्हणून. पण पुढे साम्राज्यं आली आणि उष्ण कटिबंधातल्या बागा म्हणजे सरळसरळ गोदामं झाली. एकीकडून रोप आणायचं, बागेत तगतंय का बघायचं, तगलं की दुसरीकडे मळे लावायचे. जायफळ आणि लवंगेवर डचांची मक्तेदारी होती. ती मोडायला पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं १७७० मध्ये दोन्हीची रोपं चोरून मॉरिशसला आणवली. (फ्रेंचमध्ये 'प्वाव्र' म्हणजे मिरी. माणूस आडनावाला जागला!) ईस्ट इंडिया कंपनीनं १७८७ मध्ये कलकत्त्याला बाग काढली, तीसुद्धा मुख्यतः व्यापाराच्या कामाची झाडं वाढवायला.

आपल्याकडे, पुण्याजवळ, अशी बाग कुठे होती माहितेय? दापोडीला. जिथून आपण रोज सकाळी ट्रॅफिकला शिव्या घालत जातो तिथे. १८२८ मध्ये सुरू झालेली ती बाग पुढे अलेक्झांडर गिब्सन नावाच्या डॉक्टरकडे आली आणि १८६५ मध्ये बंद झाली. गिब्सननं तिथल्या झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली. चित्रकार इथलाच, पण त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. चित्रं आज एडिंबरात आहेत.

असो. विद्यापीठात पोचलो. १९६२ चं हे विद्यापीठ माळावर उभं आहे, त्यामुळे ऊन कुठूनही लागतं. बागेत शिरल्यावर मात्र पाम आणि बांबूंखाली जरा जिवात जीव आला. या बागेला केंद्र सरकारनं 'लीड बोटॅनिकल गार्डन' म्हणून निवडलंय, तेव्हा काहीतरी भारी बघायला मिळणार अशी माझी अपेक्षा. मित्रानं मला एका बाजूला नेलं आणि म्हणाला, "ही बघ, बागेतली सगळ्यात मौल्यवान गोष्ट."

समोर कुंड्यांच्या रांगा. कुंड्यांत कोरडी माती. मातीत पाटी. बास.

"थट्टा करतोस काय?"

थट्टा नव्हती. त्या सेरोपेजिया होत्या, मराठीत कंदीलपुष्प. भारतात यांच्या पन्नासच्या वर जाती आहेत, त्यातल्या बऱ्याच फक्त सह्याद्रीत मिळतात, काही तर एखाद्याच डोंगरावर. मातीखाली कंद असतो. उन्हाळाभर झोपून राहायचं, पाऊस पडला की उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि पुन्हा झोपायचं. फूल कंदिलासारखं. आत शिरलेली बारीक माशी उलट्या केसांमुळे अडकते, फूल सुकायला लागलं की सुटते आणि जाताना पराग घेऊन जाते. बग पकडायचा, काम करून घ्यायचं आणि सोडून द्यायचा, हे आमच्या टेस्टिंग टीमपेक्षा बरं.

इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं सडे, कडे, गडांचे उतार पालथे घालून या जाती शोधल्या, वाढवल्या आणि काही पुन्हा रानात नेऊन लावल्या. बागेचा अर्थच इथे उलटा झालाय असं मला वाटलं. प्वाव्रची बाग दुसऱ्याचं आणून आपल्या खिशात घालायला होती. ही आपलंच आपल्या हातून जाऊ नये म्हणून आहे. आणि ते जातंय. या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या, रिसॉर्ट झाली. आपणही पावसाळी वीकेंडला तिथेच गाड्या घालतो, मीही घातलीय. एकाच पठारावर उरलेली जात त्या पठाराबरोबर जाते. तिचा बॅकअप म्हणजे ही कुंडी.

नावांचाही एक इतिहास आहे. याच कुळातली एक वनस्पती १८६० च्या दशकात डाल्झेल नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याला जुन्नरच्या डोंगरात मिळाली. मुंबईचा गव्हर्नर होता बार्टल फ्रिअर, म्हणून तिचं नाव ठेवलं 'फ्रेरिया'. शिवनेरीच्या परिसरातलं फूल, आणि नाव गव्हर्नरचं. 'शिवसुमन' हे मराठी नाव तिला फार नंतर मिळालं. २०२३ मध्ये विशाळगडावर सेरोपेजियाची एक नवी जात सापडली. शोधणारे आपल्याच भागातले अभ्यासक. त्यांनी नाव दिलं 'सेरोपेजिया शिवरायीना'. वाचताना छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

त्याच फुगलेल्या छातीनं संध्याकाळी आजीला फोटो दाखवले. कुंड्यांचे नाही, नेटवरून काढलेले फुलांचे. आजी पन्हाळ्याच्या बाजूची. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "ही खरपुडी की रं."

"तुला माहितेय?"

"न माहीत असायला काय झालं? गुरं राखाय जात होतो तवा उकरून खात होतो. कच्चीच. लई ग्वाड."

मी सांगितलं, की ती आता दुर्मिळ झालीय, लोक कंद उकरून खातात हेही त्याचं एक कारण आहे. आजी जरा गप्प झाली.

"आमी समदी न्हवतो काढत," म्हणाली. "म्होरल्या सालाला र्‍हाया नको?"

मग मोबाईल परत दिला आणि विचारलं, "विद्यापीठात कुंडीत लावत्यात व्हय? उगवती?"

म्हटलं, पाऊस पडल्यावर उगवते.

"मग जूनात मला घिऊन चल."

जूनच्या रजेचा मेल सोमवारीच टाकलाय. अप्रूव्हल पेंडिंग.