हाकेला धावणारा बोधिसत्त्व

औरंगाबाद लेण्यांतल्या सात क्रमांकाच्या लेण्यात मी कितीतरी वर्षे लोकांना चुकीची माहिती देत होतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी परिचितांना लेणी दाखवता दाखवता जे शिकलो, तेवढीच पुंजी. तिथे व्हरांड्यात, आतल्या दाराच्या डाव्या हाताला, एक भव्य उभी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार छोटे प्रसंग कोरलेले आहेत. ‘हा बुद्ध आणि हे त्याच्या आयुष्यातले प्रसंग,’ असे मी बिनदिक्कत सांगत असे. एकदा सोबत आलेल्या एका वयस्कर बाईंनी त्यातल्या एका प्रसंगाकडे बोट दाखवले. मुलाला धरून बसलेली आई आणि त्याला न्यायला आलेली मृत्यूची भेसूर आकृती. “हे बुद्धाच्या आयुष्यात कुठं आलं हो?” त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर मूर्तीतच होते. जटामुकुटात बुद्धाची लहानशी प्रतिमा आणि हाती कमळ ही अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची खूण. भोवतीचे प्रसंग म्हणजे माणसावर येणारी आठ महाभये : आग, शत्रूची तलवार, बेड्या, फुटणारे जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. सहाव्या शतकातल्या या शिल्पाची भावंडे अजिंठ्याला आणि कान्हेरीलाही आहेत.

या संकल्पनेचे मूळ ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्रात सापडते. कुमारजीवाने इ. स. 406 मध्ये त्याचा चिनी अनुवाद केला. संकटात सापडलेल्याने या बोधिसत्त्वाचे नाव घ्यावे, तो सोडवील, असे त्यातले एक संपूर्ण प्रकरण सांगते. जुन्या हस्तलिखितांत त्याचे नाव ‘अवलोकितस्वर’ असेही आढळते, आणि चिनी ‘कुआन-यिन’चा अर्थही आवाजाकडे लक्ष असणारा असाच. म्हणजे हा देव नुसता पाहणारा नाही, हाक ऐकणारा आहे.

ही हाक कोणाची? पहिले उत्तर सोपे आहे : वाटसरूंची आणि व्यापाऱ्यांची. सूत्रात मौल्यवान माल घेऊन चोरांच्या मुलुखातून जाणारा तांडा आहे, रत्नांच्या शोधात निघून वादळात भरकटलेले जहाज आहे. कान्हेरीत तर कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानांचे शिलालेखच आहेत. पाचव्या शतकाच्या आरंभी सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे परतणाऱ्या फाहियानचे जहाज वादळात सापडले. व्यापारी माल समुद्रात टाकू लागले. फाहियानने आपले पाण्याचे भांडेही फेकून दिले, पण जमवलेल्या पोथ्या आणि मूर्तीही हे लोक फेकतील या धास्तीने त्याने कुआन-यिनचाच धावा केला.

तरीही ‘व्यापाऱ्यांचा देव’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. सूत्रातल्या दोन गोष्टी त्या चौकटीत मावत नाहीत. भरकटलेल्या जहाजावरच्या एकाने जरी नाव घेतले, तरी सगळेच वाचतात. आणि बेडीतला माणूस अपराधी असो वा निरपराध, त्याची बेडी तुटते. ही करुणा हिशेब मांडत नाही. आधी सुटका, दोष कोणाचा, हा प्रश्नच तिथे नाही. तलवार जवळ बाळगणारा राजा किंवा नफातोटा पाहणारा सावकार असा देव एरवी कशाला कल्पील? तो कल्पिला असेल तर वाटेत एकट्या पडलेल्या माणसाच्या भीतीने.

आणि ती आई? तिच्याजवळ माल नाही, तिला प्रवासाला जायचे नाही. तिचे भय घरातले आहे. शिल्पकाराने तिला तांड्याच्या आणि जहाजाच्या बरोबरीची जागा दिली, लहान वा मोठी नाही.

त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांना चुकीचे सांगितले ही बोच आहेच. आता कोणाला घेऊन गेलो, की मधल्या मूर्तीपासून सुरुवात करत नाही. आधी त्या आईपाशी थांबतो.