रत्नागिरीचा मुरांबा

पाकशास्त्राचे जुने पुस्तक ज्या घरात असते, त्या घरात त्याचे मुखपृष्ठ बहुधा नसते. आमच्या घरच्या प्रतीची पहिली काही पाने कोणत्या पिढीत गळाली हे सांगणारे माणूस आता उरलेले नाही. मात्र मुरांबे, साखरांबे आणि पाक यांचे प्रकरण शाबूत असून, साखरेच्या डागांनी त्याची पाने एकमेकांस अशी चिकटली आहेत की, वहिवाटीच्या तंट्यातील एखादा जीर्ण दस्तऐवज हाताळावा तशी ती जपून उलगडावी लागतात. त्या प्रकरणाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिलेली एक ओळ आहे : 'साखर बरोबरीने घातली. श्रावणात बुरा आला. पुढे दीडपट.' अक्षर कोणाचे ते ठाऊक नाही. परंतु रत्नागिरीच्या मुरांब्याचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा छापील मजकुरापेक्षा ही ओळच मला अधिक भरवशाचा पुरावा वाटली.

मुरांबा हा शब्द मुळात आपला नव्हे. अरबीत 'मुरब्बा' म्हणजे जोपासलेले, सांभाळून वाढविलेले. आणि साखरेच्या पाकात सांभाळलेल्या फळास हे नाव देणारा माणूस कोणीही असो, तो रसिक होता खास. फारसीच्या वाटेने तो शब्द दख्खनेत आला, आणि मराठी कानाने त्यात एकदम दोन ओळखीचे सूर ऐकले : एक 'मुरणे' आणि दुसरा 'आंबा'. मग मुरांबा झाला, आवळ्याचा मोरावळा झाला, त्याच चालीवर साखरांबा आणि गुळांबा हेही घरचे झाले. शिवकाळात रघुनाथपंतांनी राजव्यवहारकोश रचून दरबारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले खरे. पण स्वयंपाकघराची सनद निराळी असते, तेथे मुरांबा मुरांबाच राहिला. दक्षिणेस गोव्यात पोर्तुगीजांच्या सहवासाने आंब्याची मांगाड आणि पेरूची पेराड रूढ झाली, ती आपल्या मुरांब्याहून घट्ट. जॅम नावाच्या विलायती पदार्थाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

रत्नागिरीचे नाव घेताच लोकांच्या डोळ्यांपुढे हापूस उभा राहतो, आणि म्हणून येथील बरण्याही हापूसने भरत असतील असा परस्थ माणसाचा समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आफोन्सो द आल्बुकेर्क याच्या नावावरून ज्याचे नाव पडले, पोर्तुगीजांच्या कलमविद्येने ज्याचा प्रसार झाला, तो हापूस कोकणी गृहस्थाच्या दृष्टीने फळ नव्हते, रोकड होती. झेल्याने अलगद उतरविलेला, पेटीत गवतावर निजविलेला तो आंबा आगबोटीने मुंबईस जाई, आणि त्याच्या आलेल्या पैशातून सारा, वाण्याची उधारी व मुलांच्या शाळेचा खर्च भागे. घरात खाण्यास उरे तो रायवळ आणि डागी आंबा. आणि बरणीत जाण्यास उरे ती पडीची कैरी. चैत्र-वैशाखात अवकाळी वारा सुटला की, रात्रभर पत्र्यावर आणि पाचोळ्यात धपाधप आवाज येत, पुरुष अंथरुणात पडल्या पडल्या नुकसानीचा हिशेब करीत, आणि पहाटे बायका टोपल्या घेऊन बागेत जात. मुरांबा हा ऐश्वर्याचा पदार्थ म्हणून पुस्तकांतून मिरवत असला, तरी रत्नागिरीत तो वादळाच्या जमाखर्चातील वसुलीची बाजू होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडीची कैरी फुकट होती, साखर नव्हती. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसहून येणाऱ्या पांढऱ्या साखरेस लोक 'मोरस' म्हणत. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर बहिष्कृत ठरली. ती शुद्ध करताना हाडे वापरतात, या बोलवेने धर्मबुद्धी आणि देशबुद्धी यांची अचानक युती झाली. टिळकांच्या जन्मगावी त्या युतीस मान मिळणे स्वाभाविकच होते. अशा वेळी कोल्हापूरकडून आंबा घाटाने उतरणारा गूळ कामास येई. गुळांबा काळसर होतो, केशराचा रंग त्यावर खुलत नाही, पाहुण्यांपुढे ठेवताना यजमानीण थोडी संकोचते. पण चवीच्या न्यायासनासमोर मी निकाल गुळांब्याच्या बाजूनेच देईन.

आता पुस्तकांकडे वळू. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे, हजार पाकक्रियांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली. त्या काळची मापे शेर, पावशेर, तोळा, मासा ही. ताजवा घरात असणारच हे गृहीत, आणि पाक एकतारी की दोनतारी हे बोटांना कळणारच हेही गृहीत. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने अमलात आली, तेव्हा त्या पुस्तकांतील प्रमाणे नव्या सुनांना परभाषेसारखी वाटू लागली असल्यास नवल नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप आणून ही अडचण एका फटक्यात दूर केली. मात्र शेर असो, ग्रॅम असो वा वाटी असो, पुस्तकाचे प्रमाण एका गोष्टीची दखल घेत नाही : ती रत्नागिरीच्या पावसाची. येथे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, मृगापासून चार महिने मीठ पाझरते, काड्यांची पेटी पेटत नाही, आणि घाटावर वर्षभर निर्धास्त टिकणारी बरणी येथे श्रावणातच दगा देते.

याचे कारण गूढ नाही. पाकातील साखर पाणी असे धरून ठेवते की बुरशीला व किण्वाला ते मिळत नाही. हे साधण्यास तयार पदार्थात सुमारे पासष्ट टक्के साखर असावी लागते. ती कमी असली, किंवा वरच्या थराने हवेतील ओलावा ओढून घेतला, की बुरा धरतो. समासात लिहिणाऱ्या त्या अज्ञात गृहिणीस टक्केवारी ठाऊक नव्हती. तिने एक पावसाळा खर्ची घालून ती शोधून काढली.

तिची रीत घरात अजून चालते. कैरी बाठ धरलेली, पण आतून पांढरी हवी. साल काढून, किसून, किस क्षणभर वाफवावयाचा. भांडे पितळी असेल तर कल्हई ताजी हवी, नाही तर आंबटपणाने सारे कळकते. दीडपट साखर घालून मंद आचेवर ठेवले की प्रथम सर्वत्र पाणी सुटते आणि नवख्यास वाटते, फसले. मग बुडबुडे लहानाचे मोठे होतात, संथ होतात, किस काचेसारखा पारदर्शक होतो. अशा वेळी आजी कालथ्यावरचा थेंब अंगठा व तर्जनी यांमध्ये धरून बोटे हळूच दूर करी. तार निघाली की काही न बोलता जाळ मागे ओढी. साखरांबा पूर्ण निवल्यावाचून बरणीत जात नसे, बरणी चिनी मातीची, उन्हात तापविलेली, आणि तोंडाला दादरा घट्ट बांधलेला. कारण गरम साखरांब्याची वाफ झाकणाखाली पाण्याचे थेंब होऊन परत खाली उतरते आणि बरणी तेथूनच नासते.

कच्च्या कैरीत आंबटपणा आणि घट्टपणा आणणारे पेक्टिन दोन्ही मुबलक असतात, म्हणून साखरांबा आपोआप धरतो. पिकल्या हापूसचा जॅम मात्र लिंबाच्या आणि बाहेरच्या पेक्टिनच्या आधाराशिवाय नीट बसत नाही. कारखानदारीस हे लवकर उमगले. १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशाने जॅममध्ये फळाचा अंश निदान ४५ टक्के असावा असे बंधन घातले. म्हणजे उरलेली बाजू साखरेची, हे सरकारदरबारीही मान्य झाले. आज मेच्या अखेरीस 'कॅनिंगचा आंबा' किलोवर जातो आणि पडीच्या कैरीलाही गिऱ्हाईक असते. टोपली घेऊन बागेत जाणारी बाई त्यामुळे कमी झाली, याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही; तिच्या हाताला चार पैसे मिळतात हे चांगलेच आहे.

माझी विनंती इतकीच की, घरातील मुखपृष्ठ नसलेले पाकशास्त्राचे पुस्तक रद्दीत घालू नये. आणि यंदा साखरांबा केला तर साखर किती घातली व बरणी श्रावणात कशी निघाली, हे त्याच पानाच्या समासात, शिसपेन्सिलीने का होईना, लिहून ठेवावे.