धक्क्यावर उतरलेल्या मालाची जोखीम

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मंडळी व्यापाराच्या निमित्ताने मुंबई बंदराशी संबंध ठेवून आहेत. परदेशाहून आलेली पेटी जहाजातून सुखरूप उतरते आणि मालधन्याच्या हाती पडण्यापूर्वीच नाहीशी होते. अशा वेळी भरपाई कोणी करावी, या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक असल्यामुळे तो आम्ही थोडक्यात देत आहोत.

इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात जहाजवाला हा मालाचा जवळजवळ विमेकरीच मानला जाई. दैवी आपत्ती, राजशत्रू अशा मोजक्या कारणांखेरीज त्याची सुटका नसे. पुढे एकोणिसाव्या शतकात आगबोट कंपन्यांनी बिल ऑफ लेडिंगमध्ये बारीक अक्षरांत इतक्या अटी घातल्या की, व्यापाऱ्याच्या पदरी फारसे काही उरेना. १८९३ साली अमेरिकेने हार्टर कायदा करून या मनमानीस आळा घातला. १९२४ साली ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, व १९२५ साली हिंदुस्थानाने त्यातील नियम येथून बाहेर जाणाऱ्या मालासाठी स्वीकारले. तथापि या नियमांचा अंमल माल जहाजावर चढविल्यापासून उतरवीपर्यंतच चालतो. पुढील जोखमीविषयी वाटेल तो करार करण्यास जहाजवाला मोकळा राहिला.

मुंबईत पूर्वी पडावांतून माल किनाऱ्यास येई. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० साली प्रिन्सेस डॉक खुला झाला, आणि जहाजवाला व व्यापारी यांच्यामध्ये तिसरा हात आला. १९६३ च्या प्रमुख बंदर कायद्यान्वये बंदराने माल ताब्यात घेऊन पावती दिली की, त्यानंतरच्या नुकसानीतून जहाज मुक्त होई. बंदराने मात्र १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, सुज्ञ मनुष्य स्वतःच्या मालाची घेतो तितकी काळजी घ्यावयाची असे. बंदरावरील दाव्यास एक महिन्याची नोटीस व सहा महिन्यांची मुदत असे. उलट, १९२५ च्या कायद्याखाली जहाजवाल्यावर एका वर्षाच्या आत दावा लावावा लागे. माल मुळीच न मिळाल्यासही हीच मुदत लागते, असे १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

यांतील पेच वाचकांच्या ध्यानात येईलच. पेटी जहाजात हरवली की धक्क्यावर, याचा शोध घेण्यात सहा महिने गेले, तर बंदर सुटे. वर्ष गेले, तर जहाजही सुटे. व्यापारी तेवढा बुडे!

१९६३ च्या कायद्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली, व समुद्रमार्गे माल वाहतुकीचा नवा कायदा संसदेने २०२५ साली संमत केला. कायदे बदलले, तरी माल कोणाच्या हातून हरवला, हा प्रश्न पावतीवाचून सुटत नाही. म्हणून ज्ञातीतील तरुण व्यापाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच की, उतरलेल्या मालाची पावती तत्काळ तपासावी, तूट दिसताच जहाजवाला व बंदर या दोघांसही लेखी कळवावे, आणि मुदतीचा दिवस आपल्या वहीत टिपून ठेवावा.